नव्या स्लॅबच्या घरात जीव का लागत नाही, आणि काय केलं तर लागेल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही हे उत्तर कशाचं आहे ते कळेल. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीजवळच्या गावात तुमचं मातीच्या भिंतींचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर होतं. ते पाडून दोन वर्षांपूर्वी त्याच जागेवर स्लॅबचं घर झालं. पुढे हॉल, मागे दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर मोकळी गच्ची. घर नवं, टाइल्स चकचकीत, तरी सासूबाई "इथं करमत नाही वं" म्हणत दिवसभर शेजारच्या सपरीत, म्हणजे पडवीत, जाऊन बसतात. यजमानांना रात्री झोप लागत नाही, दहावीतली मुलगी सारखी चिडचिड करते, आणि संध्याकाळ झाली की तुम्हालाही घरात कोंडल्यासारखं होतं. कोणी वास्तुदोष सांगितला, कोणी छताखाली पीओपीचं (प्लास्टरचं) खोटं छत आणि रंगीत लाइट लावायचा सल्ला दिला. हाताशी दीड लाख आहेत. घरात शांत वाटावं म्हणून ते कुठं लावावेत, असं तुम्ही विचारलंत.

वर्धा-यवतमाळ भागात घरं बांधायचं आणि बांधलेली दुरुस्त करायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. तुमचा पहिला पैसा छतावर जाऊ द्या, दुसरा पश्चिमेच्या भिंतीवर, तिसरा पुढच्या ओट्यावर. रंग, पडदे, फर्निचर या गोष्टी त्यानंतर. आपल्याकडे घराची बेचैनी बहुतेक वेळा रात्रीच्या उकाड्यातून सुरू होते. मार्चपासून जूनपर्यंत ज्या घरात कोणाची झोप पुरी होत नाही, तिथं भिंतीला कितीही सुंदर रंग दिला तरी माणसं एकमेकांवर खेकसणारच.

येत्या मे महिन्यात रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघा. अंगणात वारा सुटलेला असेल आणि छत मात्र हाताला चांगलंच गरम लागेल. पाच इंची काँक्रीटमधून उष्णता वरून खाली उतरायला तीन-चार तास जातात. दुपारी दोन-तीनच्या सुमारास उघडी गच्ची साठ अंशांच्या पुढे तापते, आणि ती उष्णता संध्याकाळी खोलीत उतरायला लागते ती तुम्ही जेवून आडवं व्हाल तेव्हाही उतरतच असते. पंखा लावला की छताखालची तीच गरम हवा अंगावर येते. तुमचं जुनं कवेलूचं छप्परही दुपारी तापत असेल, पण कवेलू पातळ, त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, आणि दिवस मावळल्यावर थोड्याच वेळात छप्पर निवायचं. खाली दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत दिवसभर गार राहायची. सासूबाईंचं अंग आयुष्यभर त्या गारव्याला सरावलेलं आहे. त्या शेजारच्या सपरीत जातात यात त्यांचा हट्ट मला तरी दिसत नाही. शेजारची सपरी कवेलूची आहे, तिथं त्यांना बरं वाटतं, म्हणून त्या जातात. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि आर्वीचा उन्हाळाही तसाच असतो. अशा मुलखात उघडा स्लॅब डोक्यावर घेऊन झोपायचं तर त्याला आधी शांत करावं लागतं.

सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, दुसऱ्या दिवशी गाळायचा, त्यात डिंक किंवा पांढरा फेविकॉल मिसळायचा, आणि गच्ची स्वच्छ झाडून, पाणी मारून, संध्याकाळी किंवा अगदी सकाळी दोन-तीन हात द्यायचे. भर उन्हात चुना लावला तर तो धरत नाही, दुसऱ्या दिवशी भुकटी होऊन उडतो. चुना विरघळताना उकळतो आणि डोळ्यात गेला तर मोठी इजा करतो, म्हणून मुलांना लांब ठेवा आणि लावणाऱ्यानं चष्मा घालावा. होळीच्या आधी हे काम झालं की उन्हाळाभर खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, पुढच्या वर्षी पुन्हा लावायचा. दरवर्षीची कटकट नको असेल आणि गच्ची गळत असेल, तर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे चुना-सिमेंटात बसवलेला थर, करून वर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझेक करून घ्या. गळती आणि उष्णता दोन्ही एकाच खर्चात थांबतात. गच्ची गळत नसेल तर मात्र चुन्यावरच भागवा.

त्याच्या वर मांडव. गच्चीच्या झोपायच्या खोल्यांवरच्या भागात बांबू उभे करून माणूस उभा राहील इतक्या उंचीवर हिरवी जाळी बांधा. जाळी स्लॅबला टेकलेली नको, मधून वारा खेळला पाहिजे. ड्रममध्ये माती भरून गिलके, दोडका, वाल चढवले तर जून-जुलैपासून वेलांची सावली मिळते, भाजीही मिळते. ड्रम मात्र बीमच्या किंवा भिंतीच्या वर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नाही. आणि अर्धी गच्ची मोकळी सोडा. तुमच्याकडे कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या वाळत घालायच्या असतात. सगळी गच्ची झाकली तर वाळवणाला जागा राहत नाही, मग घरात कोणीतरी वैतागून मांडव काढून टाकतं. बांबू कठड्याला पक्के बांधा. अवकाळीच्या वादळात जाळी उडून विजेच्या तारांवर पडलेली मी पाहिली आहे.

पीओपीबद्दल विचारलंत. दहा फूट उंचीच्या खोलीत पीओपी केलं की छत खाली येतं, पंखा डोक्याजवळ येतो, आणि वरचा स्लॅब होता तितकाच तापत राहतो. उष्णता बाहेरच अडवली पाहिजे. एकदा ती काँक्रीटमध्ये शिरली की आतून झाकून फारसं साधत नाही. ज्यांच्या घरावर टिन आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे. टिन लगेच तापतं आणि लगेच निवतं, त्याखाली हातभर जागा सोडून बांबूचे तट्टे लावले आणि दोन टोकांना गरम हवा बाहेर पडायला फट ठेवली तर दुपार पुष्कळ सुसह्य होते, पावसाचा ताशाही कमी वाजतो. घरकुल योजनेतल्या पंचवीस चौरस मीटरच्या घरात ज्यांनी पैसे अपुरे पडले म्हणून टिन टाकलं आहे, त्यांनी हा खर्च सगळ्यात आधी करावा.

आता पश्चिमेची भिंत. तुम्ही पाठवलेल्या नकाशात यजमानांच्या खोलीची लांब भिंत थेट पश्चिमेला आहे आणि तिला बाहेरून गडद चॉकलेटी रंग आहे. मे महिन्यात दुपारी बाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्या वेळी भिंतींना तितकं ऊन लागत नाही. तीन ते सहा या वेळात मात्र तो सरळ या भिंतीवर येतो. नऊ इंची विटांची भिंत ते ऊन साठवते आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहते. यजमानांचा पलंग त्याच भिंतीला डोकं करून आहे. आधी बाहेरून तो रंग पांढरा किंवा फिक्का करा. मग भिंतीपासून फूटभर अंतरावर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कुड आडोसा म्हणून उभा करा. तुमच्याकडे तूर आहे, तुराट्या बांधावरच पडलेल्या असतील. कुड जमिनीपासून वीतभर उचलून बांधा, नाहीतर वाळवी लागते आणि विंचू-सापाला लपायला जागा होते. मागच्या चुलीपासून तो लांब असू द्या. दिसायलाही हा कुड छान दिसतो, त्यावर कारल्याचा वेल चढवला तर पावसाळ्यात भिंत हिरवी होते. खोलीच्या आत कपाट याच भिंतीला लावा आणि पलंग पूर्वेच्या भिंतीकडे न्या. या एका बदलाला पैसा लागत नाही, आज संध्याकाळी करा.

खिडक्यांचं वेळापत्रक सासूबाईंना विचारा, त्यांना ते माहीत असणार. जुन्या घरात उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहालाच दारं-खिडक्या ओढून घेत, आणि ऊन उतरल्यावर उघडत. नव्या घरात आपण उलट करतो. हवा यावी म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतो आणि भीतीपोटी रात्री बंद करतो. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तोवर खिडकी बंद, गार झाली की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, इतकं पाळलं की भागतं. रात्री उघडायच्या खिडक्यांना लोखंडी ग्रिल आणि डासांची जाळी असली पाहिजे, म्हणजे चोराची, सापाची, डासांची धास्ती राहत नाही. धास्ती असली की झोप सावध लागते. तुमच्या घराला आतून जिना आहे. जिन्याच्या वरच्या दाराला आणखी एक जाळीचं दार बसवून घ्या आणि उन्हाळ्यात लाकडी दार रात्रभर उघडं ठेवा. गरम हवा वर चढते आणि तिथून बाहेर पडते, खालून खिडक्यांतून गार हवा ओढली जाते. एवढ्या कमी खर्चात घरभर हवा खेळवणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

कूलर सगळ्यांकडे असतो, पण तो नीट कसा लावायचा हे विक्रेता सांगत नाही. कूलर खिडकीबाहेर सावलीत हवा आणि त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. बंद खोलीत लावला तर तो त्याच ओलसर हवेला पुन्हा पुन्हा ओलं करतो, मग अंग चिकचिकतं, गादी दमट होते आणि लोक म्हणतात कूलरनं अंग दुखतं. हवा कोरडी असते तोवर, म्हणजे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत, कूलर चांगला चालतो. मृगाचा पाऊस पडून उमस सुरू झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, आतली बाजू घासून कोरडी करा, डेंगीचा डास त्याच पाण्यात अंडी घालतो. आणि कूलरच्या घरघरीकडे दुर्लक्ष करू नका. स्टँडच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घालून सैल पत्रे आवळले की आवाज पुष्कळ कमी होतो. यजमानांची झोप मोडण्यात या आवाजाचाही वाटा असू शकतो.

सासूबाईंकडे वळते, कारण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती त्याच वाटल्या. दारव्हा तालुक्यातल्या एका घरी मी गेले होते तेव्हा तिथल्या आजींनी मुलानं करून दिलेली टाइल्सची खोली सोडून जिन्याखालच्या अरुंद बोळीत खाट टाकली होती. मुलाला फार वाईट वाटायचं, लोक काय म्हणतील म्हणून. मी दुपारी त्या खाटेवर बसून पाहिलं. मागच्या दारातून झुळूक येत होती आणि पुढच्या दारातून थेट रस्ता दिसत होता. कोण बाजारात गेलं, कोणाची बैलजोडी परत आली, शाळा सुटली का, हे सगळं आजींना खाटेवरून कळत होतं. त्यांच्या टाइल्सच्या खोलीची खिडकी जमिनीपासून साडेतीन फुटांवर होती, खाटेवर बसलेल्या माणसाला तिच्यातून फक्त आकाशाचा तुकडा दिसायचा. आम्ही त्या खिडकीची खालची बाजू दोन फुटांनी उतरवली आणि खाट तिच्याजवळ आणली. आजी खोलीत राहायला लागल्या.

तुमच्याकडेही हे करता येईल. खिडकीची रुंदी तशीच ठेवून फक्त खालची भिंत काढली तर वरच्या लिंटेलला, म्हणजे खिडकीवरच्या आधाराच्या तुळईला, धक्का लागत नाही. खिडकीखाली काँक्रीटचा पट्टा आहे का एवढं मिस्त्रीकडून आधी तपासून घ्या, आणि खाली आलेल्या खिडकीला ग्रिल पक्कं बसवा. खिडकीतून काय दिसतं याचा शरीरावरही परिणाम होतो. रॉजर उलरिच या संशोधकानं १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. सासूबाईंना झाडासोबत रस्ता आणि माणसंही दिसली पाहिजेत, कारण त्यांचं मन माणसांत रमतं.

म्हणूनच हॉलमध्ये सोफा घ्यायचा विचार असेल तर ते पैसे मी पुढच्या ओट्याला लावायला सांगेन. तुमच्या दारापुढे आत्ता तीन फुटांची पायरी आणि वर छोटा छज्जा आहे. तिथं सात-आठ फूट रुंदीची सपरी काढा, छप्पर कवेलूचं. जुन्या घराचे सागवानी खांब अजून मागच्या आवारात पडले आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते विकू नका, तेच इथं उभे करा. ज्या खांबाला टेकून सासूबाई धान्य निवडायच्या तोच खांब पुन्हा पाठीला मिळाला तर त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. एक बांधकामाची गोष्ट लक्षात ठेवा. आपली जमीन काळी, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ओट्याखालची काळी माती काढून मुरूम भरा आणि धुमसून घ्या. सपरीचे खांब घराच्या भिंतीत पक्के जोडू नका, दोन्हींच्या मध्ये बोटभर फट ठेवा. सपरी आणि घर वेगवेगळ्या वजनाचे आहेत, ते सारखे बसत नाहीत, आणि जोडले तर पहिल्याच पावसाळ्यानंतर भिंतीला तडा जातो. नव्या घराला तडा दिसला की घरातल्या सगळ्यांचा घोर वाढतो.

सपरी कशी असावी हे बघायचं असेल तर एखाद्या दुपारी सासूबाईंना घेऊन सेवाग्रामला गांधीजींच्या बापूकुटीत जाऊन या. तुम्हाला फार लांब नाही. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, खाली उतरत आलेलं छप्पर, जमिनीवरची बैठक. सामान इतकं कमी की नजर कुठं अडखळत नाही. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत. गांधीजी १९३६ मध्ये त्या गावात राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, आणि खोली आसपास मिळणाऱ्या सामानातून, कमी खर्चात बांधली जावी हा त्यांचा आग्रह होता. नव्या पिढीला दाखवायला याहून चांगलं घर आपल्या जिल्ह्यात नाही असं मला मनापासून वाटतं.

टाइल्सबद्दल थोडं. पांढऱ्या चकचकीत फरशीवर दारातून ऊन पडलं की ते डोळ्यांवर आपटतं. सासूबाईंना मोतीबिंदू असेल, आणि त्या वयात बहुतेकांना थोडाफार असतोच, तर हा चमचमाट त्यांना जास्त त्रास देतो. त्या भिंतीला हात लावत, पाय घासत चालत असतील तर समजा की त्यांना फरशी ओली आहे की कोरडी हे कळत नाही. फरशी फोडायची गरज नाही. त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर घट्ट विणीची सतरंजी टाका, खालून घसरू नये म्हणून रबरी जाळी लावा, कडा वर उचललेल्या नकोत. न्हाणीत मात्र खडबडीत फरशी आणि धरायला दांडा हे लगेच करा.

उजेडाचं काम स्वस्त आहे आणि फरक लवकर दिसतो. तुमच्या घरात सगळीकडे निळसर पांढरे एलईडी आहेत, डब्यावर ६५०० के लिहिलेले (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि मुलीच्या टेबलावर ते ठीक. पण संध्याकाळी तसा तेज उजेड डोळ्यांवर पडत राहिला की झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होतं. हॉल आणि झोपायच्या खोल्यांत २७०० ते ३००० के चे पिवळसर बल्ब लावा, तेही छताच्या मधोमध एक मोठा असण्यापेक्षा भिंतीवर कमी उंचीवर दोन छोटे. रंगीत पट्ट्या नकोत. गावात व्होल्टेज खाली-वर होतं तेव्हा हलके एलईडी न दिसेल असे लुकलुकतात आणि डोकं दुखतं. मोबाइलचा कॅमेरा बल्बवर धरून बघा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब बदला. सासूबाईंच्या खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर जमिनीजवळ एक मंद पिवळा दिवा रात्रभर असू द्या.

मुलीच्या चिडचिडीचं एक कारण मला हॉलच्या आवाजात दिसतं. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. ती घुमली तर टीव्ही, भांडी, फोनवरची बोलणी सगळंच दुप्पट मोठं ऐकू येतं. सिमेंटच्या भिंती, टाइल्स आणि काच आवाज परतवतात, तर मातीची भिंत, शेणानं सारवलेली जमीन आणि कवेलूचं छप्पर तो पुष्कळसा गिळत असत. आपण कापसाच्या मुलखात राहतो, उपाय घरातच आहे. एका भिंतीला गोधडी टांगा, दिवाणावर कापसाची जाड गादी, खिडक्यांना दुहेरी सुती पडदे, खाली सतरंजी. टीव्ही मुलीच्या खोलीशी सामाईक असलेल्या भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीवर न्या. तिचं टेबल खिडकीला लावा, उजव्या हातानं लिहीत असेल तर उजेड डावीकडून. आणि तिच्या खोलीत गव्हाची कोठी, शिलाई मशीन आणि पाहुण्यांच्या गाद्या ठेवल्या आहेत, त्या हलवा. दहावीच्या मुलीला चार बाय सहाची का होईना, पण न विचारता कोणी सामान ठेवणार नाही अशी जागा लागते.

आता एक गोष्ट, जी इंटिरियरच्या पुस्तकात नसते आणि आपल्या भागात सगळ्यात गरजेची आहे. भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवावा लागतो हे मला कळतं. पण कापसाच्या ढिगाशेजारी कोणी झोपू नये. बारीक तंतू आणि धूळ श्वासात जाते, अंगाला खाज सुटते, त्यातून झोप उडते. त्यासाठी बाहेरून दार असलेली एक खोली करा, घरातून तिकडं दार नको. आणि फवारणीची औषधं, त्यांचे उरलेले डबे, पंप, हे काहीच राहत्या घरात नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलं. श्वासातून आणि हातांतून जाणाऱ्या विषाची भीती तर आहेच, शिवाय माणूस खचलेला असतो तेव्हा एखादा क्षण फार वाईट येतो. तो क्षण बहुधा निघून जातो, पण त्या वेळी डबा हाताशी नसावा. घरापासून वेगळी, कुलपाची लोखंडी पेटी करा, किल्ली घरातल्या शांत डोक्याच्या माणसाकडे द्या. यजमानांची झोप उडण्यामागे कर्जाची किंवा पिकाची चिंता असेल तर छत थंड करून ती जाणार नाही. त्यांच्याशी बोला, आणि लागलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

वास्तुदोषाचं म्हणाल तर देवघर कुठं असावं ही तुमची श्रद्धा आहे, ते हवं तिथं हलवा. पण स्वयंपाकघर फोडून दुसऱ्या कोपऱ्यात नेण्यात सगळे दीड लाख जातील आणि मेमधली रात्र तशीच राहील. स्वयंपाकघराचा एकच दोष मला दिसतो. मागच्या चुलीचा धूर पश्चिमेच्या वाऱ्यानं खिडकीतून आत येतो. चुलीला पत्र्याचं धुराडं छपराच्या वरपर्यंत न्या आणि आत फोडणीच्या धुरासाठी एक एक्झॉस्ट पंखा बसवा.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. आतून फिकट, किंचित पिवळसर किंवा मातकट पांढरा द्या, मॅट. चमकणारा ऑइल पेंट नको.

कामाचा क्रम असा ठेवा. पलंग आणि टीव्ही हलवणं, बल्ब बदलणं, औषधांची पेटी, हे या आठवड्यात. भिंतीचा रंग, तुराट्यांचा कुड, जाळ्या आणि गच्चीचा चुना होळीपर्यंत. खिडकी खाली घेणं आणि सपरीचा ओटा पाऊस सुरू व्हायच्या आत, कारण काळी जमीन ओली झाली की पाया खणता येत नाही. सर्वात जास्त पैसे सपरीला लागतील, जुने खांब आहेत म्हणून ते आवाक्यात राहतील. काही उरलं तर पडदे आणि दिवाणाची गादी. सोफा पुढच्या वर्षी, तेव्हाही हवासा वाटला तर.

पहिल्या पावसात पश्चिमेला कडुनिंबाचं रोप लावा. चैत्रात त्याला नवी पालवी येते, म्हणून ऐन उन्हाळ्यात सावली दाट असते. काळ्या जमिनीत मुळं घराच्या पायाखालचं पाणी ओढतात, म्हणून भिंतीपासून पंधरा-वीस फूट लांब लावा, बकऱ्यांपासून जपायला भोवती बोरीच्या काट्या रोवा, आणि पहिले दोन उन्हाळे न्हाणीचं पाणी त्याला वळवून द्या.